डेंग्यूतून उठलेल्या माणसाला खायला नेमकं काय द्यायचं? (फ्रीजमध्ये चौदा किवी आहेत)

सेकंड_शिफ्ट | बुधवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. बायकोला डेंग्यू झाला होता, परवा सोमवारी दवाखान्यातून घरी आणली. आता प्रश्न खाण्याचा आहे आणि घरात स्वयंपाक येणारं माणूस तीच.

मी भोसरीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे, त्यामुळे आकडे लिहून ठेवायची खोड आहे. गेल्या आठवड्यात सोमवारी ताप चढला, मंगळवारी डेंग्यूची एनएस१ तपासणी पॉझिटिव्ह. उलट्या थांबेनात म्हणून गुरुवारी ॲडमिट केली. प्लेटलेट गुरुवारी ८८ हजार, शुक्रवारी ४१, शनिवारी ३४, रविवारी ५२, सोमवारी ९६. चढवाव्या लागल्या नाहीत, सलाइनवर निभावलं. घरी सोडताना कार्डावर आहाराच्या रकान्यात दोन शब्द लिहून दिले: हलका आहार. त्या दोन शब्दांचा अर्थ लावण्यात माझे दोन दिवस गेले.

कारण हलका म्हणजे काय, यावर आमच्या सोसायटीत एकमत नाही. समोरच्या वहिनी रोज सकाळी पपईच्या पानांचा रस घेऊन दारात उभ्या. मेव्हणा किवी घेऊन आला, सात. संध्याकाळी ऑफिसातले लोक आले, त्यांनीही सातच आणले (सातची पेटी मिळते का हो कुठे?). माझी वहिनी बीट-डाळिंबाचा रस भरून देते, रक्त वाढतं म्हणून. गावाकडून चुलतभावाने शेळीचं दूध पाठवलंय, कोल्ड्रिंकच्या बाटलीतून, एसटीने. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे त्या कराडहून येऊ शकत नाहीत, पण फोनवरून अख्खं स्वयंपाकघर चालवतात. त्यांचं म्हणणं, यातलं काहीएक देऊ नका, गुळवेलीचा काढा द्या.

आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती दोन चमचे खाऊन तोंड फिरवते. तोंड कडूजार आहे म्हणते, पाणीसुद्धा कडू लागतं. काल मी यूट्यूबवर बघून खिचडी केली. हिंग जरा जास्तच पडला असावा. फोडणीचा वास आला आणि ही उठून बाल्कनीत जाऊन बसली. पपईचा रस तिने दवाखान्यात जायच्या आधी एकदाच घेतला, तो पाच मिनिटांत बेसिनमध्ये. तेव्हापासून मी वहिनींकडून बाटली घेतो, धन्यवाद म्हणतो आणि फ्रीजमध्ये ठेवतो.

ताप आता अजिबात नाही. पण बाथरूमला जाताना भिंत धरून जाते, आणि रात्री तळहात-तळपाय इतके खाजतात की झोप नाही. येत्या सोमवारी घटस्थापना. दरवर्षी नऊ दिवस उपवास असतो, यंदा म्हणते उठता-बसता तरी धरते.

मला चहा, ऑम्लेट आणि कुकरचा भात येतो. सांगा.

---

खवचट_काका | बुधवार, रात्री ११.५२

पपईच्या पानांचा रस आधी समोरच्या वहिनींनी एक पेला घेऊन दाखवावा. मग बघू.

---

ओपीडी_नंतर | गुरुवार, सकाळी ६.१५

मी फिजिशियन आहे. तुमचा पेशंट मी पाहिलेला नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण सप्टेंबरमध्ये रोज हेच प्रश्न ऐकतो, म्हणून लिहितो.

आधी तुमचाच तक्ता परत वाचा. शनिवारी ३४, सोमवारी ९६. मध्ये पपई नाही, किवी नाही. डेंग्यूत प्लेटलेट पडतात आणि विषाणूचा जोर ओसरला की अस्थिमज्जा त्या पुन्हा तयार करते. बहुतेकांत हे आपोआप होतं. तुमचे डॉक्टर दवाखान्यात प्लेटलेटइतकंच, किंबहुना जास्त लक्ष पीसीव्हीकडे (रक्तात लाल पेशींचा वाटा किती, रक्त किती दाट झालंय ते) देत असणार, कारण डेंग्यूत माणूस बहुधा दगावतो तो रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपल्याने. ताप उतरतो त्या सुमाराचे २४ ते ४८ तास या धोक्याचे असतात. नातेवाईक नेमके तेव्हाच 'ताप गेला' म्हणून सुटकेचा श्वास टाकतात. तुमची बायको ते तास पार करून आली आहे. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत त्या सहसा चढवतही नाहीत, त्यामुळे ३४ ला न चढवणं योग्यच होतं.

पपईच्या पानांचं म्हणाल तर काही छोट्या चाचण्यांत प्लेटलेट थोड्या लवकर चढल्याचं दिसलं आहे. त्याने रक्तस्राव टळतो किंवा जीव वाचतो हे सिद्ध झालेलं नाही. ज्याला आधीच मळमळतंय त्याला तो कडू रस पाजून उलटी करवणं म्हणजे पोटात गेलेलं पाणी बाहेर काढणं.

बीट आणि डाळिंब मात्र सध्या बंद. त्याने प्लेटलेट वाढत नाहीत हा भाग वेगळा. रात्री दोन वाजता लाल उलटी घेऊन कोणी आलं तर ते बीट आहे की रक्त, हे मला डोळ्यांनी सांगता येत नाही. शौचाचंही तेच. प्लेटलेट दीड लाखाच्या पुढे जाऊन स्थिर होईपर्यंत लाल, काळं, चॉकलेटी काही नको.

गुळवेल नको. डेंग्यूत यकृताला सूज असते, कार्डावर एसजीओटी-एसजीपीटी या यकृताच्या तपासण्यांचे आकडे बघा, वाढलेले असतील. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं. त्या वादात मी पडत नाही, पण सुजलेल्या यकृतावर प्रयोग कशाला? सासूबाईंना सांगा डॉक्टर नाही म्हणाले, माझ्या नावावर खपवा.

शेळीचं दूध एसटीने आलेलं, कच्चं, बाटलीत. टाकून द्या. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो आणि मग नवा ताप कशाचा हे शोधत बसावं लागतं. दूध हवं असेल तर उकळलेलं कुठलंही.

किवी चालेल. पेरूही चालेल आणि पेरू स्वस्त आहे. तोंड आलेलं असेल तर आंबट झोंबतं, मग पपई द्या, पिकलेली, पान नाही.

आता काय द्यायचं: पातळ. दिवसाला अडीच लिटरच्या आसपास, सगळं धरून. ओआरएसच्या पुडीवर डब्ल्यूएचओचं प्रमाण लिहिलेलं बघून घ्या, एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच विरघळवा, ग्लासात चिमूट-चिमूट नको. लघवी चार-सहा तासांत एकदा आणि फिकट होत असेल तर पाणी पुरतंय. भूक एक-दोन आठवड्यांत परत येते, अशक्तपणाला त्याहून जास्त लागतात. तळव्यांची खाज ही बरं होण्याच्या काळातली आहे, चार दिवसांत जाईल. अंग दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल. घरातल्या डब्यातली आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन काढून ठेवा.

पोटात जोरात दुखलं, उलट्या पुन्हा सुरू झाल्या, हिरड्यांतून रक्त, काळी शौच, किंवा माणूस गुंगीत वाटला तर इथे लिहीत बसू नका, गाडी काढा.

उपवास या वर्षी नाही.

---

उकडा_तांदूळ | गुरुवार, सकाळी ९.३०

डॉक्टरांनी सगळं सांगितलं, पण चुलीवर काय चढवायचं ते नाही सांगितलं! भाऊ, मी कुडाळची. मला दोन वर्षांपूर्वी डेंग्यू झाला, तेव्हा अकरा दिवस मी जगले ती पेजेवर. तुम्हाला कुकरचा भात येतो ना, मग पेज येईल. फक्त कुकर वापरू नका.

एक मूठ उकडा तांदूळ घ्या. पिंपरी-चिंचवडला कोकणातल्या मालाची दुकानं आहेत, तिथे मिळेल. नाहीच मिळाला तर तांदळाची कणी घ्या. उंच पातेलं घ्या, बुटकं घेतलंत तर उतू जाऊन शेगडी धूत बसाल. तांदूळ धुऊन आठपट पाणी घाला आणि उकळी आली की आच बारीक करा. मग हलायचं नाही तिथून. पंधरा-वीस मिनिटं काही होत नाही, तुम्हाला वाटेल बिघडलं. नंतर दाणा पोटात फुटायला लागतो, मधोमध चीर पडते, आणि पाणी दुधट होतं. पळी वर उचलली की धार सलग पडली पाहिजे, पाण्यासारखी टपटप नाही आणि पिठल्यासारखी गोळाही नाही. पाऊण तास धरा. मीठ शेवटी. साजूक तूप अर्धा चमचा, तेही तिला वास सहन झाला तर.

आणि गरमागरम देऊ नका! सगळे इथेच चुकतात. गरम पदार्थाचा वास वर येतो आणि मळमळणाऱ्या माणसाला तो वासच नको असतो. कोमटाच्याही खाली येऊ द्या. वाटी लहान घ्या, आमटीची. मोठा वाडगा बघूनच पोट भरतं. दर दोन तासांनी एक वाटी, विचारायचं नाही 'देऊ का?' म्हणून. नेऊन ठेवायची आणि निघून यायचं. समोर बसून घास मोजणारा नवरा असेल तर कोणाला खावंसं वाटेल?

कडू तोंडाला मुरलेलं लिंबाचं लोणचं, गोडं, बिनतिखटाचं. पानात वाढायचं नाही, बोटाच्या पेरावर घेऊन जिभेला लावायचं. माझी चव त्याने परत आली.

साळीच्या लाह्या मिळाल्या तर मूठभर लाह्या तांब्याभर पाण्यात अर्धा तास भिजवा, गाळून चिमूट मीठ-साखर घालून ते पाणी द्या. माझी आजी उलट्यांवर हेच द्यायची.

ओपीडी_नंतर, लाल नको म्हणालात. मग सोलकढी?

---

ओपीडी_नंतर | गुरुवार, दुपारी २.०५

आठवडाभर थांबा. नंतर वाटीभर मलाही आणा.

---

अनुभवाचे_बोल | गुरुवार, दुपारी ३.२०

डॉक्टर लोकांना घरगुती उपाय म्हटले की पोटात का दुखतं कळत नाही. आमच्या भावाला पपईचा रस दिला, दोन दिवसांत ४० हजारांवरून १ लाख १० हजार. डोळ्यांनी रिपोर्ट पाहिलाय.

---

सेकंड_शिफ्ट | गुरुवार, दुपारी ३.४५

मीही डोळ्यांनी रिपोर्ट पाहिलाय, वर लिहिलाय. ३४ वरून ९६, दोन दिवसांत. बेसिनच्या प्लेटलेट मोजायच्या राहिल्या.

तुमच्या भावाचा रस कितव्या दिवशी सुरू केला होता? क्वालिटीत आम्ही हे पहिल्यांदा विचारतो. मशीन आपोआप सुधारायच्या वेळेलाच कोणीतरी तेल घातलेलं असतं आणि श्रेय तेलाला जातं.

---

अनुभवाचे_बोल | गुरुवार, दुपारी ४.१०

सहाव्या दिवशी. तुमची मर्जी.

---

सुगंधा_ठाणे | गुरुवार, संध्याकाळी ६.३०

एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून. माझ्या आईला मधुमेह आहे. डेंग्यूत येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला शहाळं, मोसंबीचा रस, ग्लुकोजचं पाणी देत होता. प्लेटलेट वर आल्या आणि साखर ३८० झाली. मग तिच्यासाठी ताक, पातळ मुगाचं कढण, भाज्यांचं पाणी असं बसवलं. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी शहाळंसुद्धा विचारूनच घ्यावं, त्यात पोटॅशियम बरंच असतं. तुमच्या मिसेसना यातलं काही नसेल तर प्रश्नच नाही.

आणि दोन-अडीच महिन्यांनी केस गळायला लागतील, मूठमूठ. घाबरू नका. माझेही गेले होते, आले परत.

---

पंचगंगेकाठी | गुरुवार, रात्री १०.०५

पेज-कढण सगळं बरोबर आहे, पण आठ दिवस झोपलेल्या माणसाच्या पायात बळ यायचं तर मांस पाहिजे. कराडची मुलगी म्हणजे खाणारी असणार! पितृपंधरवडा पाळत असाल तर अंडं-दूध-मूग बघा. नसाल तर अळणी करा, म्हणजे कोंबडीचं बिनतिखटाचं निवळ पाणी.

पाव किलो कोंबडी, हाडासकट. आलं-लसूण ठेचून, हळद, मीठ, चार दाणे जिरं. तेल नाही, मिरची नाही, कांदा परतायचा नाही. दीड लिटर पाण्यात मंद शिजू द्यायचं. वर तवंग येईल तो पळीने काढून टाका. ते निवळ पाणी कपातून प्यायला द्या, चहासारखं. दुसऱ्या दिवशी त्यातलं मांस बोटांनी सोडवून मऊ भातात. आमच्याकडे बाळंतिणीला आणि आजाऱ्याला पहिलं अळणीच, तांबडा रस्सा घरच्यांनी भुरकायचा आणि तिच्या समोर बसून भुरकायचा नाही.

करताना स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. हिंगाची कथा वाचली.

---

सेकंड_शिफ्ट | शनिवार, रात्री ११.१५

सर्वांचे आभार. दोन दिवसांचा हिशोब देतो, कारण रजिस्टर घातलंय. शंभर पानी वही, फ्रीजवर चुंबकाने पेन लटकवलाय. वेळ, काय, किती, पोटात राहिलं की नाही.

गुरुवारी संध्याकाळी पहिली पेज. कणीची, उकडा तांदूळ तेव्हा मिळाला नव्हता. चीर पडली का बघायला मी दर मिनिटाला एक दाणा काढून चिमटीत दाबत होतो, मुलगा म्हणाला बाबा सॅम्पलिंग करतायत. धार सलग पडली! वाटीत काढली, निववली, तिच्या उशाशी ठेवून बाहेर आलो. उकडा_तांदूळ ताई, तुम्ही म्हणालात तसा गेलो, पण दाराच्या फटीतून बघितलं. आधी वास घेतला, मग एक घोट. मग वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवलीच नाही.

नोंद: ७.१०, पेज १ वाटी, राहिली.

शुक्रवारी दिवसभरात सहा वाट्या पेज, एक शहाळं, ओआरएस पाऊण लिटर, ताक दोनदा, एक उकडलेलं अंडं (अर्धं तिने, अर्धं मी, फुकट घालवायचं नाही). एकूण २ लिटर ३०० मिली. लोणच्यासाठी तीन दुकानं फिरलो. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजींकडे सहा वर्षांचं, काळं पडलेलं मिळालं. पेरावर लावून दिलं तर ही दोन मिनिटं डोळे मिटून बसली. मी घाबरलो. म्हणाली, "थांबा, चव लागतीये."

आज सकाळी रक्त तपासलं, प्लेटलेट २ लाख १० हजार. डॉक्टरांनी दहा दिवसांनी परत बोलावलंय. दुपारी अळणी केलं. आमच्यात आमची तिथी सोडली तर पंधरवड्यात चालतं, आणि सोमवारपासून नवरात्र, म्हणजे आजच मुहूर्त होता. एक कप पूर्ण प्यायली. दुसरा अर्धा.

सासूबाईंना गुळवेलीचं सांगितलं, इंटरनेटवरचे डॉक्टर नाही म्हणाले म्हणून. त्यावर त्या जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. उपवासावरून मात्र त्यांनीच लेकीला खडसावलं, "देवीला कळतं सगळं, तू जेव." माझं काम वाचलं.

पपईच्या तीन बाटल्या आज ओतून टाकल्या, रात्री, वहिनींच्या खिडकीत दिवा नव्हता तेव्हा. बाटल्या घासून परत द्यायच्या आहेत. किवी मुलाने खाल्ले, त्याला आता जिभेवर फोड आलेत.

हो, आणि कोणी विचारायच्या आधीच सांगतो, फ्रीजच्या मागचा पाण्याचा ट्रे काढून बघितला. त्यात वळवळ होती. अख्खी सोसायटी महापालिकेच्या धूरफवारणीला शिव्या घालत होती आणि डास आमच्याच स्वयंपाकघरात जन्माला येत होते. बाकीच्यांनी उद्या सकाळी आपापले ट्रे बघा. कुंड्यांच्या ताटल्याही.

---

उकडा_तांदूळ | रविवार, सकाळी ८.००

सहा वर्षांच्या लोणच्याची ती आजी सोडू नका. आणि चार प्रकारचे डेंग्यू असतात म्हणे, एक झाला म्हणजे बाकीचे होत नाहीत असं नाही. ट्रे दर आठवड्याला कोरडा करा.

आता मूगडाळीची खिचडी देऊन बघा, हिंगाशिवाय. मग हळूहळू भाकरी, दुधात कुस्करून.

---

खवचट_काका | रविवार, सकाळी ८.२०

वहिनींच्या खिडकीत दिवा होता. त्या दिवा घालवून बघत असतात.

---

सेकंड_शिफ्ट | गुरुवार, रात्री ९.५०

आज दुपारच्या शिफ्टहून थोडा लवकर सुटलो. घरी आलो तर स्वयंपाकघरात ही, स्टुलावर बसून. भिंत न धरता तिथवर आली होती. मुलगा ओट्यापुढे उभा आणि ही बसल्या जागेवरून त्याला पिठलं हलवायला लावतेय. मी काही बोललो नाही, हात धुऊन ताटं घेतली.

जेवण झाल्यावर वही उघडली तर आजची नोंद आधीच झालेली. अक्षर तिचं:

'८.२०, भाकरी १, पिठलं, कांदा. राहिलं. पिठल्यात गुठळ्या.'